सर्लिंगच्या हातातल्या सिगरेटबद्दल थोडं

आज सकाळी आमच्या जुन्या सिरीयलवाल्या ग्रुपवर एकाने रॉड सर्लिंगचा, म्हणजे 'ट्वायलाइट झोन' या अद्भुत गोष्टींच्या जुन्या अमेरिकन सिरीयलच्या लेखकाचा, ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकला. काळा सूट, बारीक टाय, बोटांत सिगरेट, धूर वर चाललाय. खाली लिहिलंय, "असा रुबाब आता कुठे राहिला!" त्यावर धडाधड बदाम पडले, आणि मग दुसऱ्याने सुरू केलं की ओटीटीवर खाली ती तंबाखूची पट्टी येते ना, तिने सगळ्या क्लासिक सिरीयलींची वाट लावलीये, लोकांना काय कुक्कुलं बाळ समजतात का, वगैरे वगैरे. दिवसभर डोक्यात तेच घोळतंय. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय, इथे सगळे आपलेच आहेत.

पट्टी कुरूप दिसते, मान्य. पुढे.

'ट्वायलाइट झोन' ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. 1959 ते 1964, अमेरिकेत सीबीएसवर, 156 भाग, त्यातले 92 एकट्या सर्लिंगने लिहिलेले. पुष्कळ भागांत हा माणूस स्वतः येऊन आपल्याला गोष्टीत सोडतो, आणि बरेचदा हातात सिगरेट असते. आता ती त्याची सवय होतीच, प्रचंड ओढायचा, पण नुसती सवय नव्हती हो! सिरीयलच्या स्पॉन्सरांमध्ये लिगेट अँड मायर्स ही सिगरेट कंपनी होती आणि भाग संपल्यावर सर्लिंग स्वतः कॅमेऱ्यात बघून चेस्टरफील्ड प्या म्हणून सांगायचा. त्याच आवाजात, त्याच सुटात. ज्याला तुम्ही रुबाब म्हणताय त्याचे पैसे मोजलेले होते.

आणि हे कुणाच्या नशिबी यावं? सर्लिंगच्या! ज्या माणसाला स्पॉन्सर लोकांनी रडकुंडीला आणलं होतं. 1955 ला मिसिसिपीमध्ये एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला मारून टाकलं, त्यावरून सर्लिंगने टीव्हीसाठी नाटक लिहिलं. स्पॉन्सर आणि चॅनलवाल्यांनी त्याची इतकी चिरफाड केली की गाव उचलून थेट उत्तरेत न्यू इंग्लंडमध्ये नेलं, मेलेला माणूस काळा आहे हेच राहिलं नाही. का, तर दक्षिणेतलं गिऱ्हाईक दुखावेल. मग सर्लिंग परग्रहावरच्या गोष्टींकडे वळला, कारण जे पुढाऱ्याच्या तोंडी घालता येत नाही ते मंगळावरच्या माणसाच्या तोंडी घातलं की कुणी अडवत नाही. एवढा हुशार, एवढा तिखट माणूस. गोष्ट त्यांच्या तावडीतून सोडवली आणि स्वतःचा हात मात्र त्यांना देऊन बसला.

28 जून 1975 ला गेला. हार्ट अटॅक, मग हृदयाचं ऑपरेशन, त्यातून उठलाच नाही. वय पन्नास. धाकटी मुलगी विशीत होती. हो, त्याचे वडीलही बावन्नाव्या वर्षी हार्टनेच गेले होते, म्हणजे घराण्यात होतं असं कुणीतरी म्हणेलच, म्हणा. घराण्यात असताना वर दिवसाला पाकिटंच्या पाकिटं ओढल्यावर काय होणार?

मी इतकी का चिडतेय, तर माझा मामा.

नाशिकला असायचा, ड्राफ्ट्समन होता. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली अमेरिकन सिरीयल लागायची तेव्हा आम्ही भाचरं त्याच्या पुढ्यात बसून बघायचो आणि तो मधेमधे मराठीत सांगत जायचा, बघ आता तो कानवाला काय म्हणतो. माझं हे सगळं वेड त्याच्यापासून आलेलं आहे. आणि तो ओढायचा. अगदी सर्लिंगसारखी बोटं, मधल्या दोन बोटांत सिगरेट धरून वाक्य संपवताना हात असा बाहेर न्यायचा. आम्हाला वाटायचं मामा म्हणजे हिरो.

शेवटची काही वर्षं मामा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होता. ज्यांच्या घरी ते मशीन होतं त्यांना माहितीये मी काय म्हणतेय. रात्रंदिवस घरघर. त्या बाटलीत सारखे बुडबुडे, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं, नळीने गालावर दोन्हीकडे लाल वळ पडलेले, कानामागे कातडी सोललेली म्हणून मामी तिथे कापूस लावून द्यायची. नळी हॉलच्या दारापर्यंत पुरायची, गॅलरीत जाता यायचं नाही. ज्या गॅलरीत उभा राहून आयुष्यभर ओढली तिथे जाता यायचं नाही. आणि बोलताना हातात पेन्सिल धरायचा. त्याच दोन बोटांत. वाक्य संपवताना हात तसाच बाहेर जायचा आणि वाक्य मात्र अर्ध्यात दम लागून थांबायचं.

आता 'स्टार ट्रेक'चं बघा, कारण "तो काळच तसा होता" हे उत्तर मला आज निदान चार जणांनी दिलंय. काळ तोच की! 1966. अमेरिकन टीव्ही सिगरेटच्या जाहिरातींवर पोसलेला, सिगरेटच्या जाहिराती टीव्हीवरून गेल्या त्या 2 जानेवारी 1971 ला. आणि तरी त्यातल्या एंटरप्राइझ यानावर कर्क ओढत नाही, स्पॉक (तोच तो कानवाला) ओढत नाही, मॅकॉय ओढत नाही. तीन सीझन! कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटलं? स्पॉकचा रुबाब कमी झाला? नुसती एक भुवई वर करून तो माणूस अख्खा सीन खायचा.

उलट ब्रिटनमध्ये 1970 ची 'यूएफओ' बघा, गोष्ट घडतेय 1980 मध्ये, चंद्रावर तळ आहे, परग्रहवासीयांशी युद्ध चालू आहे आणि कमांडर स्ट्रेकर आपल्या ऑफिसात सिगार पेटवून बसलाय. एवढं सगळं भविष्य सुचलं, हे एक सुचलं नाही. तिथल्याच 'डॉक्टर हू' सिरीयलचं निदान बरं, पहिल्याच गोष्टीत 1963 ला काळातून मागे अश्मयुगात गेलेला म्हातारा डॉक्टर पाइप काढून पेटवतो, तर गुहेतली माणसं त्याला उचलून नेतात, कारण त्यांना आग पाहिजे असते. तिथे त्या पाइपला गोष्टीत काम आहे. असं काम असेल तर माझं काही म्हणणं नाही, पट्टीसुद्धा नको.

पण पडद्यावर न ओढणारा स्पॉक, म्हणजे लेनर्ड निमॉय, कॅमेऱ्यामागे ओढायचाच. पोरवयात लागलेली. त्याने 2014 च्या जानेवारीत ट्विटरवर स्वतःच सांगितलं की तीस वर्षांपूर्वी सोडली पण सोडायला उशीर झाला, सीओपीडी (दम कोंडणारा फुप्फुसांचा आजार) झालाय, आजोबांचं ऐका आणि आत्ता सोडा. 27 फेब्रुवारी 2015 ला गेला, 83 व्या वर्षी, त्याच सीओपीडीने. आता कुणी म्हणेल 83 म्हणजे भरपूर झालं की. झालं असेल. शेवटची वर्षं श्वासासाठी झगडत काढायला लागली तर त्र्याऐंशी काय आणि काय.

ती बातमी मी मामाला फोनवर दाखवली होती. दाखवायला नको असं मामी खुणेने सांगत होती, पण त्याला लपवालपवी आवडायची नाही. चष्मा लावून त्याने पूर्ण वाचली. मग एवढंच विचारलं, "सोडून तीस वर्षं झाली होती ना, तरी?" मी काही बोलले नाही. त्याने परत विचारलं, तरी?

म्हणून मला फोटोखालचा तो 'रुबाब' सहन होत नाही. तुम्हाला फोटोतला पस्तिशीचा सर्लिंग दिसतो. आम्हाला पुढचं सगळं दिसतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या मुख्य डॉक्टरचा, रिपोर्ट आला 11 जानेवारी 1964 ला, सिगरेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो असं सरकारने छातीठोक सांगितलं, तेव्हा 'ट्वायलाइट झोन'चे नवे भाग अजून चालू होते. म्हणजे "तेव्हा माहीतच नव्हतं" हेही पूर्ण खरं नाही. कंपन्यांना तर केव्हाचं माहीत होतं. तरी त्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करून पैसे दिले. मामाला तर कुणी पैसेही दिले नाहीत, त्याने फुकटात केलं, पडद्यावर बघून.

चिडून लिहायला बसले होते, आता राग जरा उतरलाय. फोटो टाकणारा मुलगा चांगला आहे, आमच्यातला सगळ्यात लहान, जुन्या सिरीयली शोधून शोधून बघतो, अशी पोरं आता किती राहिलीत. त्याला मी स्वतंत्र मेसेज केलाय, ओरडले नाहीये. एमेट टिलची गोष्ट सांगितली, सर्लिंग आवडत असेल तर हे आधी वाच म्हटलं. त्याला ती ठाऊक नव्हती. त्याचा लगेच रिप्लाय आला, आता रात्री बोलणार आहोत.

आणि तुमच्यातले जे ओढतात (मला नावं माहितीयेत, घेत नाही), पाकिटावर 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो, सोडवायला मदत करतात, पैसे लागत नाहीत. एकट्याने लावायला नको वाटत असेल तर घरी या. मी शेजारी बसते, चहा ठेवते, तुम्ही बोला त्यांच्याशी.