दोन बोटं बाहेर

विमानतळाच्या गेटवर हातातल्या सामानाचं माप घ्यायला ठेवलेल्या त्या लोखंडी पिंजऱ्यात माझी बॅग बसली नाही. दोन बोटं वर राहिली. कंपनीचं माप ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, आणि घरी टेप लावून मी बरोब्बर तेवढंच मोजलं होतं. फक्त चाकंही मोजायची असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. अटींमध्ये, मुंगीच्या अक्षरांत.) मी बॅग तिरकी केली, उलटी केली, शेवटी तिच्यावर गुडघा रोवला. गेटवरच्या बाई तोवर पैसे घ्यायचं यंत्र हातात धरून शांतपणे उभ्या होत्या. त्या दोन बोटांना तिकिटापेक्षा जास्त पैसे पडले. तेवढ्या पैशांत माझ्यासारखा आणखी एक माणूस नेता आला असता, बिनबॅगेचा.

हे सगळं माझ्या मागचे गृहस्थ अगदी जवळून बघत होते. बाहेर रणरणतं ऊन आणि यांच्या अंगात तीन जाकिटं. त्यांच्या खिशांना इतके फुगवटे होते की माणूस गाठी पडलेल्या गादीसारखा दिसत होता.

"केवढ्याला पडलं?" त्यांनी विचारलं.

"बॅगेचं?"

"तिकीट हो."

मी थोडा कमी करून आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले. कुणी गेल्याचं कळल्यावर मिटतात तसे.

"मंगळवारी काढलं नसणार."

आता या विषयात मला डिवचायचं नसतं. दीड महिना मी दुसरं काही वाचलेलं नाही. मी म्हटलं, "अहो, वाराचा काही संबंध नसतो. एकाच विमानातल्या एकसारख्या खुर्च्या वेगवेगळ्या भाड्यांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात, प्रत्येक कप्प्याला इंग्रजी अक्षर असतं. स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो. अमेरिकेत १९७८ साली भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं स्वस्त स्पर्धकांना तोंड द्यायला हे गणित संगणकावर जोरात चालवलं, आणि तेव्हापासून..."

"रात्री बारानंतर बघितलंत?"

"वेळेचाही नसतो."

"आणि ते काळं पान? चोरून बघायचं?"

"इनकॉग्निटो. ब्राउझरचं खासगी पान. त्यानंही काही होत नाही. भाडं वाढतं ते कप्पा संपतो म्हणून. तुमचं तोंड बघून नाही."

त्यांनी एका खिशातून चार्जर काढून दुसऱ्यात घातला, माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे मंगळवारी नाहीच काढलंत."

यावर काय बोलणार? पुढे कळलं की त्यांनी परवा, सहज, जेवता जेवता तिकीट काढलं आणि माझ्या निम्म्यात काढलं. वार मंगळवारच होता.

मी काय काय केलं होतं ते ऐका. गूगल फ्लाइट्सवर महिनाभराचं भाड्याचं कॅलेंडर पाठ केलं. भाडं उतरलं की कळवा अशा सूचना लावून ठेवल्या. त्या पहाटे वाजायच्या, आणि बहुतेक वेळा भाडं चढल्याचं सांगायच्या. आयटीए मॅट्रिक्स नावाचं, विमानभाडी शोधायचं, पट्टीच्या लोकांचं यंत्र आहे, त्यावरही हात मारला. ते बनवणाऱ्यांपैकीच एकानं, कार्ल डी मार्कननं, दाखवून दिलंय की सगळ्या भाडेनियमांसकट सर्वांत स्वस्त तिकीट शोधणं हा प्रश्न सर्वसाधारण रूपात संगणकालाही हमखास सोडवता येणारा नाही. आणि मी तो बिछान्यात पडून, एका अंगठ्यानं सोडवत होतो.

एक खरं सांगतो, या सगळ्यात मला मनापासून आवडली ती विमानांची साइट नव्हेच. सीट सिक्स्टी-वन. मार्क स्मिथ नावाच्या, पूर्वी ब्रिटिश रेल्वेत काम केलेल्या माणसानं २००१ साली सुरू केली. कुठल्या गावाहून कुठल्या गावाला आगगाडीनं कसं जायचं, तिकीट कुठे काढायचं, सगळं फुकट. नाव कशावरून, तर युरोस्टार या लंडन-पॅरिस आगगाडीतल्या त्याच्या आवडत्या खुर्चीच्या नंबरावरून. इथे मला खुर्ची निवडायचेसुद्धा पैसे पडतात.

तेच तर डोक्यात जातं. या तिकिटाला स्वस्त म्हणू नये, सोललेलं म्हणावं. खुर्ची वेगळी, बॅग वेगळी, घरून चेक-इन न करता विमानतळावर केलं तर त्याचाही दंड. 'पॅरिस' म्हणून जिथे उतरवतात ते बोवे विमानतळ पॅरिसपासून जवळजवळ ८० किलोमीटर. दोन स्वस्त तिकिटं जोडून प्रवास केला आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले गिऱ्हाईक. हे सगळं अटींमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे चूक नेहमी आपलीच. पहिल्या पानावर पूर्ण आकडा दाखवायला काय जातं यांचं? दाखवला असता तर मी मुकाट्यानं भरला असता, आणि चारचौघांत बॅगेवर गुडघा रोवून बसलो नसतो.

असो. गृहस्थांची पाळी आली. त्यांची कापडी पिशवी मांजर शिरावं तशी त्या पिंजऱ्यात शिरली. बाई त्यांच्याकडे बघून चक्क हसल्या. मी पैसे भरून पाहिले, माझ्याकडे नाही हसल्या.

विमानाच्या शिडीपाशी मी माझी चिठ्ठी लावलेली बॅग सामानाच्या गाडीकडे नेत होतो, तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. गृहस्थ घामानं निथळत होते. दोन जाकिटं काढून हातावर घेतलेली.

"तुम्ही बॅगेचे पैसे भरलेच आहेत ना," ते म्हणाले, "मग एवढी ठेवा की आत. जागा असेल बघा वर, दोन बोटं."

मी चेन उघडली.