लग्नाआधी गाल ‘बारीक’ करून घेणाऱ्यांसाठी

डिसेंबरात लग्न, म्हणून दिवाळी झाली की गालांची सर्जरी (गालाच्या आतली ‘बक्कल फॅट’ नावाची चरबीची गादी थोडी काढून टाकणं), असं गणित मांडणाऱ्यांनो, तो बेत रद्द करा. पहिले दोन-तीन दिवस गाल आधीपेक्षा जास्त फुगतात. ठळक सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, पण खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. ‘दुपारी या, संध्याकाळी घरी जा’ ही जाहिरात खोटी नाही, फक्त अर्धी आहे.

आधी गाल कशाने भरलेत ते बघा. दात घट्ट आवळून जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. तिथे टणक गोळा उठला तर तो चावायचा स्नायू. बक्कल फॅट काढून तिथे काडीचा फरक पडणार नाही. लाळग्रंथी मोठी असेल किंवा मुळात वजनच वाढलेलं असेल तरी तेच.

चीर गालाच्या आतून देतात, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेच्या आसपास, एक-दीड सेंटिमीटरची. लाळेची नळी तिथेच उघडते, म्हणून तिचं तोंड चुकवून खाली. स्नायूचे धागे बोथट अवजाराने बाजूला सारून बाहेरून गाल दाबला की पिवळी चरबी आपसूक पुढे येते. सहज येईल तेवढीच घ्यायची. एका बाजूची गादी साधारण दहा मिलीलीटरची, त्यातली दोन ते चार पुरे. ओढाओढ केली की रक्त साकळतं, लाळेची नळी फाटू शकते, चेहऱ्याच्या नसेची फांदी दुखावून वरचा ओठ नीट हलत नाही.

आणि ही चरबी परत येत नाही. वयाबरोबर चेहरा तसाही उतरतो. पंचविशीत कोरीव वाटलेले गाल पंचेचाळिशीत खप्पड दिसतात. शिवाय सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं झालं की आतले ताठर पट्टे कापून त्या जखमेवर बरेचदा हीच चरबी ठिगळासारखी बसवतात. सुपारीची सवय असलेल्याने तर या सर्जरीच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

करायचीच तर एम.सी.एच. प्लास्टिक सर्जन किंवा एम.डी.एस. मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचा) सर्जन गाठा. पुण्यात बाणेर असो की कोथरूड, पाटीवरची ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पदवी पुरेशी नाही.

नंतर दोन-तीन दिवस ताक, गार आंबील, वरणाचं पाणी. मग आठवडाभर गुरगुट्या भात. स्ट्रॉ नको. मिसळ-चिवडा तर नकोच, शेवेचा तुकडा टाक्यात अडकला की जखम चिघळते. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक माउथवॉश) खळखळून चुळा भरायला नाही. तोंडात धरायचं, मान कलवून सोडायचं. दोन उशा घेऊन झोपा, पहिले दोन दिवस फडक्यातून बर्फ लावा. तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद. टाके बहुधा आपोआप विरघळतात, जिभेने चाळवू नका.

एकच गाल अचानक ताठ होऊन वाढू लागला तर आत रक्त साचत असतं. तेव्हा रात्र असली तरी निघा. काही दिवसांनी जेवताना एक बाजू फुगू लागली तर लाळ साठतेय असं समजा. ताप, पू, तोंड उघडणं दिवसेंदिवस कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला प्रत्यक्ष दाखवा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून उत्तराची वाट बघत बसू नका.