डेम्पो पडला, भारत एफसी संपला

आयएसएलमध्ये, म्हणजे भारतातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमध्ये, रेलिगेशन (तळाच्या संघाला खालच्या विभागात पाठवणं) आणावं की नाही हा वाद घरी, भारतात, अधूनमधून उकळतो आणि दर वेळी तोच मुद्दा पुढे येतो. मालकांनी एवढा पैसा ओतलाय, एका वाईट हंगामापायी त्यांना खाली ढकललं तर ते गाशा गुंडाळतील, आपलं फुटबॉल अजून रांगतंय, त्याला हे झेपणार नाही. हे वाचलं की माझी चिडचिड होते. चिडचिड अज्ञानाची नाही, विसरण्याची आहे. कारण हे सगळ्यात हिरिरीने मांडणाऱ्यांत पुण्या-मुंबईची माणसं असतात, आणि रेलिगेशनशिवाय क्लब कसे मरतात हे पुण्याइतकं दुसऱ्या कुठल्याच शहराने पाहिलेलं नाही. पुण्याकडे येतेच. आधी मी राहते त्या लिव्हरपूल शहराबद्दल, कारण रोज जे दिसतं त्यावरूनच माणूस बोलतो.

इथल्या एव्हर्टन क्लबचा २०२२-२३ चा हंगाम घ्या. १९५४ पासून सलग इंग्लंडच्या सर्वांत वरच्या विभागात (आजची प्रीमियर लीग) असलेला क्लब. उन्हाळ्यात रिचार्लिसनला टॉटनहॅमला विकला होता, त्याच्या तोडीचा आघाडीपटू आणला नाही, आणि डॉमिनिक कॅल्व्हर्ट-लुइन दुखापतींमुळे निम्म्याहून जास्त हंगाम बाहेर. २० सामन्यांनंतर हिशेब असा: ३ विजय, ६ बरोबरी, ११ पराभव, १५ गुण. २३ जानेवारीला फ्रँक लॅम्पार्ड गेले, ३० तारखेला शॉन डाइच आले. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या त्याच खिडकीत अँथनी गॉर्डन न्यूकॅसलला विकला गेला आणि बदली एकही खेळाडू घेतला गेला नाही. म्हणजे नव्या प्रशिक्षकाच्या हातात आधीपेक्षा कमी माणसं.

डाइच यांनी काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. मधल्या फळीत ओनाना आणि गे यांच्या जोडीला अब्दुलाये डुकुरेला परत आणलं. हा लॅम्पार्ड यांच्या शेवटच्या आठवड्यांत अडगळीत पडलेला होता. पुढे एकटा आघाडीपटू, म्हणजे ४-५-१. असा एकटा खेळाडू चेंडू धरून ठेवतो, पण गोल करायला गोलसमोरच्या पेटीत दुसरं कुणीतरी पोचावं लागतं. ती मागून येणारी धाव डुकुरेची. बाकी भर कॉर्नर आणि फ्री किकवर. ४ फेब्रुवारीला पहिलाच सामना गुणतालिकेत अव्वल असलेल्या आर्सेनलशी. मॅकनीलचा कॉर्नर, टार्कोव्स्कीचं हेडर, १-०. पुढे लीड्सविरुद्ध कोलमनचा अवघड कोनातून गोल, १-०. ब्रेंटफर्डविरुद्ध पहिल्याच मिनिटाला मॅकनील, १-०. डाइच यांच्या १८ सामन्यांत ५ विजय, त्यातले ४ याच फरकाने. ५ विजय आणि ६ बरोबरी मिळून २१ गुण. अख्ख्या हंगामात ३८ सामन्यांत गोल किती? ३४. लेस्टरने ५१ केले आणि तरी लेस्टर खाली गेलं. एव्हर्टनने ५७ गोल खाल्ले, लेस्टरने ६८. तळाला असताना एक जास्त गोल करण्यापेक्षा एक कमी खाणं स्वस्त पडतं, कारण चार जणांचा बचाव एका आठवड्यात शिस्तीत बसवता येतो, गोल करणारा माणूस एका आठवड्यात मिळत नाही.

वेळेचाही हिशेब असतो. एव्हर्टनने बदल केला तेव्हा १८ सामने हातात होते. लेस्टरने ब्रेंडन रॉजर्स यांना २ एप्रिलला सोडलं, तेव्हा १०. लीड्सने मे महिन्यात सॅम अॅलर्डाइस यांना आणलं तेव्हा ४, आणि त्या चारांतून १ गुण आला. नव्या माणसाला संघाची मांडणी बदलायला, खेळाडूंची दमछाक वाढवायला आणि दोन पराभव पचवायला जागा लागते. चार सामन्यांत एक पराभव झाला की जागा संपली.

आता तो सामना, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. १ मे २०२३, बँक हॉलिडेचा सोमवार, रात्री लेस्टरमध्ये. दोन्ही संघ तळाला, म्हणजे सहा गुणांचा सामना: जिंकलेल्याला ३ मिळतात आणि त्याच वेळी समोरच्याचे ३ हुकतात. लेस्टर २-१ ने पुढे. मध्यंतराच्या तोंडावर त्यांना पेनल्टी. जेम्स मॅडिसनने सरळ मधे मारली, पिकफर्ड जागचा हलला नाही, आणि चेंडू अडला. उत्तरार्धात इवोबीने बरोबरी केली, २-२. मोसम संपला तेव्हा एव्हर्टन ३६, लेस्टर ३४. ती पेनल्टी आत गेली असती आणि लेस्टर जिंकलं असतं, तर लेस्टर ३६, एव्हर्टन ३५. एका न हललेल्या माणसावर अख्खा क्लब राहिला.

पुढच्या सोमवारी ब्राइटनमध्ये ५-१, पहिला गोल ३४ व्या सेकंदाला डुकुरेचा. मग वुल्व्जविरुद्ध भरपाई वेळेच्या नवव्या मिनिटाला येरी मिनाची बरोबरी. शेवटचा दिवस २८ मे, एव्हर्टनच्या गुडिसन मैदानावर समोर बोर्नमथ. कॅल्व्हर्ट-लुइन पुन्हा जायबंदी, त्यामुळे विंगर डेमाराय ग्रे पुढे. तिकडे लेस्टरने वेस्ट हॅमला २-१ ने हरवलं. इथे बरोबरी सुटली असती तर दोघांचे ३४ झाले असते आणि गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) एव्हर्टन गेलं असतं: लेस्टरचा उणे १७, एव्हर्टनचा उणे २४. ५७ व्या मिनिटाला पेटीच्या कडेवरून डुकुरेने मारलेला गोल आणि त्यानंतरची ती लांबच लांब भरपाई वेळ, एवढ्यावर सगळं तरलं. गुडिसनच्या सुमारे ३९ हजार माणसांपैकी कुणालाही गोलफरक समजावून सांगावा लागत नव्हता. इथे शाळकरी पोरांनाही तो तोंडपाठ असतो.

घरचे लोक म्हणतात, वीस संघांत सतरावं, खाली जाणाऱ्या तिघांच्या जेमतेम वर, येण्यात काय साजरं करायचं? मी विचारते, आयएसएलच्या तळाच्या संघाचा मार्चमधला एक सामना सांगा जो तुम्हाला मिनिटामिनिटाला आठवतो. २०२३-२४ मध्ये हैदराबाद एफसीने २२ सामन्यांत ८ गुण मिळवले. पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले. रेलिगेशन नव्हतं, म्हणून तो हंगाम नुसता संपेपर्यंत खेळला गेला. २०२१-२२ मध्ये ईस्ट बंगाल तळाला राहिलं, तिथेही असंच. कोलकात्याचं हृदय त्यासाठी तुटलं हे खरं, पण तालिकेवर त्याची नोंद शून्य.

आता पुणं. पुणे एफसी, २००७ पासून, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, त्या वेळच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, उपविजेता. मालक बाहेर पडले, २०१५ मध्ये संपला. भारत एफसी, एका हंगामाचा क्लब, २०१५ मध्येच संपला. डीएसके शिवाजीयन्स, २०१७. एफसी पुणे सिटी, आयएसएलचा पहिल्या दिवसापासूनचा क्लब, २०१९. चारांपैकी एकही रेलिगेट होऊन संपला नाही. पुणे सिटीची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये हैदराबादची दिल्लीला. खुर्ची सुरक्षित ठेवली की क्लब सुरक्षित राहतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही खुर्ची कुठून कुठे फिरली ते बघावं. शहर मात्र प्रत्येक वेळी मागे राहिलं.

आणि भारत एफसीचं तर खास सांगायला हवं. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये हा क्लब तळाला होता. पण थेट प्रवेश घेतलेला नवा क्लब म्हणून त्याला रेलिगेशनपासून सूट होती. त्यामुळे त्याच्या वरचा, दहावा क्रमांक खाली गेला. दहावा होता डेम्पो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता, गोव्याची शान. ज्याला वाचवलं त्याच्या मालकांनी काही महिन्यांत क्लब बंद केला. ज्याला पाडलं तो दुसऱ्या विभागात खेळला, २०१५-१६ मध्ये ती स्पर्धा जिंकली आणि वर यायचा हक्क मिळवला. मग डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा, तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. कारण खाली पडणं नव्हतं. त्या वर्षीच्या आराखड्यात आयएसएल सर्वांत वर बसणार होती आणि आय-लीग तिच्याखाली ढकलली जाणार होती. म्हणजे आय-लीग जिंकूनही वर जायला वाट उरत नव्हती. गोव्याच्या फुटबॉलवाल्यांना हे एका बैठकीत कळलं. मुंबईत बसून मालकांची काळजी वाहणाऱ्यांना ते अजून कळलेलं नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट माझ्या विरोधात जाते, ती लपवत नाही. मुंबई एफसी, कूपरेजचा क्लब, २०१६-१७ मध्ये आय-लीगच्या तळाला गेला, रेलिगेट झाला आणि तिथेच संपला. घरचे हेच उदाहरण फेकतात. पण त्या क्लबला खाली पडताना हातात काय होतं? इथे खाली जाणाऱ्या क्लबला पॅराशूटचे पैसे मिळतात: प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला समान वाटून मिळणाऱ्या हिश्श्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी, आणि एकापेक्षा जास्त हंगाम वर काढले असतील तर तिसऱ्या वर्षी २० टक्के. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशापैकी निम्मा सगळ्यांना सारखा, पाव क्रमांकानुसार, पाव किती सामने दाखवले त्यानुसार. त्या वर्षी तळाला गेलेल्या साउदम्प्टनलाही १० कोटी पौंडांच्या वर रक्कम मिळाली. खेळाडूंच्या करारात खाली गेल्यावर पगार कमी होण्याचं कलम अनेक क्लब आधीच घालतात. ते कलम नसलेला क्लब दुसऱ्या विभागात पहिल्या विभागाचे पगार देत राहतो आणि बुडतो. इथे बुडालेल्यांची कहाणी बहुतेक वेळा अशीच असते. मुंबई एफसीला यातलं काहीच नव्हतं. हवेत सोडलेल्या माणसाला पॅराशूट दिलं नाही आणि तो आपटला, तर दोष उंचीला द्यायचा?

कुणी म्हणेल, इथल्या मालकांनी कुठे शहाणपण दाखवलं? नाही दाखवलं. एव्हर्टनने तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांच्या तोट्याची मर्यादा १ कोटी ९५ लाखांनी ओलांडली. त्यापायी नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले, अपिलात ते ६ झाले, एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी २. तरी २०२३-२४ मध्ये ४० गुणांवर पंधराव्या क्रमांकावर राहिले. त्या गुणकपातीची सगळ्यांत जास्त झळ संचालकांच्या बॉक्सला लागली नाही, ग्लॅडिस स्ट्रीटच्या स्टँडमधल्या माणसांना लागली. पण शिक्षा झाली ती गुणतालिकेवर, सगळ्यांसमोर, आकड्यात. आपल्याकडे पगार थकवणाऱ्या क्लबला असा आकडा कधी दिसत नाही.

पुढची वाट कागदावर तरी होती. २०१९ च्या आराखड्यात लिहिलं होतं: आधी दोन हंगाम आय-लीगच्या विजेत्याला वर घ्यायचं, मग २०२४-२५ पासून वरखाली दोन्ही सुरू. पंजाब आणि मोहमेडन वर आले. खाली कुणी गेलं नाही. २०२४-२५ मध्ये मोहमेडन तळाला राहिले आणि जिथल्या तिथे राहिले. त्याच वर्षी आय-लीगचं विजेतेपद आधी चर्चिल ब्रदर्सला दिलं आणि जुलैत स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने ते इंटर काशीला दिलं. विजेता कोण हेच जिथे मैदानाबाहेर ठरतं, तिथे खाली कोण जाईल हे मैदानावर ठरेल यावर विश्वास बसायला वेळ लागेल, हे मला मान्य आहे. म्हणून तर नियम आधी ठरवायचे, पॅराशूट आधी, पगाराचं कलम आधी. रेलिगेशन मग.

तुम्ही परदेशात बसून बोलता, हे दर वेळी ऐकावं लागतं. त्यात खोटं नाही. माझं सीझन तिकीट इथल्या क्लबचं आहे, गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या कुठल्याही क्लबचं नाही. कूपरेजच्या त्या शेवटच्या हंगामात स्टँडमध्ये जी रिकामी जागा होती, त्यातली एक माझी होती. एव्हर्टनची माणसं आजोबांपासून निळी आहेत आणि त्यांच्यात मी उपरी आहे, हे कुणी न सांगताही मला कळतं. पण ३४ गोलांच्या हंगामात शेजारच्या सीटवरच्या बाईने कधी विचारलं नाही की मी कुठून आले. सतरावा क्रमांक राखायचा होता आणि दोघींना तो हवा होता. आयएसएलच्या तळाला असं काहीच मागितलं जात नाही, म्हणून तिथे कुणाच्या शेजारी बसून कुणी कुणाचं होत नाही. लिहायला बसले तेव्हा राग घरच्यांवर होता. आता त्यातला थोडा माझ्यावरही आहे, कारण पुण्याचे चारही क्लब संपत होते तेव्हा माझं लक्ष इथल्या गोलफरकावर होतं.

डेम्पो मात्र पुन्हा चालत आला. २०२३-२४ मध्ये तिसऱ्या स्तरावरून वर येऊन २०२४-२५ ला आय-लीगमध्ये खेळला. त्यानंतर कुठे जायचं, हे त्याच्या हातात नाही.