‘हजार तास कमांड नसेल तर कार्गोचे दार बंद’ : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील मालवाहू विमान कंपन्यांकडे डोळे लावून बसलेल्या वैमानिकांमध्ये एक मजकूर गेली काही वर्षे सतत फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : टर्बाइन इंजिनाच्या (जेट किंवा टर्बोप्रॉप) विमानावर कॅप्टन म्हणून, म्हणजे ‘पायलट इन कमांड’ या नात्याने, १००० तास भरल्याशिवाय कार्गो कंपनीत भरती होणे कायद्यानेच शक्य नाही, सहवैमानिक म्हणून काढलेली वर्षे भरतीच्या वेळी शून्य धरली जातात, म्हणून मिळेल त्या लहान विमानाची डावी, म्हणजे कॅप्टनची, सीट आधी पकडावी, आणि ज्याच्याकडे हे हजार तास आहेत, तो भरवशाचा वैमानिक हे आपोआप सिद्ध होते. या चारही विधानांत सत्याचा थोडाफार अंश आहे, आणि त्यामुळेच ती पटतात. परंतु ती एकत्र वाचून कोणी चांगली चाललेली नोकरी सोडत असेल किंवा अर्जच करत नसेल, तर त्यांची एकेक करून तपासणी व्हायला हवी.

पहिले विधान कायद्याविषयीचे आहे आणि ते चुकीचे आहे. मोठ्या मालवाहू विमान कंपन्या अमेरिकी हवाई नियमांच्या ‘भाग १२१’ खाली चालतात. प्रवासी कंपन्यांनाही हाच भाग लागू आहे. २०१३ पासून या भागाखाली उडणाऱ्या सहवैमानिकाकडेही एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचे, म्हणजे एटीपीचे, प्रमाणपत्र आणि त्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची स्वतंत्र पात्रता, असावे लागते. एटीपीसाठी एकूण १५०० तास लागतात. लष्करातून आलेल्यांना ७५० तासांवर आणि मान्यताप्राप्त विद्यापीठीय अभ्यासक्रम केलेल्यांना पदवीनुसार १००० किंवा १२५० तासांवर मर्यादित स्वरूपाचे प्रमाणपत्र मिळू शकते. यात कमांडचे तास किती मागितले आहेत? केवळ २५०. शिवाय ते टर्बाइन विमानावरच असावेत अशी अट नाही. चार आसनी, पिस्टन इंजिनाच्या प्रशिक्षण विमानावर भरलेले तासही चालतात. इतकेच काय, सहवैमानिकाने कॅप्टनच्या देखरेखीखाली कॅप्टनची कर्तव्ये पार पाडली असतील, तर तेही तास या २५० मध्ये धरता येतात. कार्गो कंपनीत रुजू होण्यासाठी ‘टर्बाइनवर १००० तास कमांड’ अशी अट नियमांत कुठेही नाही.

मग हा १००० चा आकडा आला कुठून? माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एक म्हणजे काही मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या भरतीसाठी अनेक वर्षे लावलेली अट. तिच्यात खरोखरच १००० तास टर्बाइन कमांडचा उल्लेख असे, आणि ते कोणी नाकारू नये. दुसरी म्हणजे नियमांतील एक वेगळेच कलम. भाग १२१ खाली कॅप्टन म्हणून उडण्यापूर्वी वैमानिकाकडे विमान कंपनीच्या कामाचा १००० तासांचा अनुभव असावा, असे ते कलम सांगते. ही अट भरतीची नसून बढतीची आहे. आकडा तोच असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या आणि ‘कंपनीची पसंती’ लोकांच्या तोंडी ‘कायद्याची अट’ होऊन बसली.

हे कलम नीट वाचले की दुसरे विधानही कोसळते. बढतीसाठीचे हे १००० तास कुठे भरलेले चालतात? भाग १२१ खाली सहवैमानिक म्हणून उजव्या सीटवर बसून भरलेले तास त्यात पूर्णपणे धरले जातात. याउलट, एकच वैमानिक उडवतो त्या लहान मालवाहू विमानावर कॅप्टन म्हणून भरलेले तास त्यात धरले जात नाहीत. म्हणजे ‘सहवैमानिकाची वर्षे शून्य’ असे सांगणारा मजकूर प्रत्यक्ष नियमाच्या नेमका उलट आहे. कायद्याच्या हिशेबात मोठ्या जेटची उजवी सीट मोजली जाते आणि लहान विमानाची डावी सीट या एका कामापुरती मोजली जात नाही. कंपनीच्या अर्जातील रकान्यात मात्र हे चित्र फिरते, कारण तिथे ‘टर्बाइन कमांड’ असे विचारलेले असते आणि पाच हजार तास ७४७ च्या उजव्या सीटवर काढलेल्या माणसाला तिथे शून्य लिहावे लागते. ही विसंगती खरी आहे आणि तिच्याविषयी तक्रार करणाऱ्यांशी मी सहमत आहे. मात्र ती कायद्याने निर्माण केलेली नाही.

येथे लॉगबुकाविषयी, म्हणजे वैमानिकाच्या तासांच्या नोंदवहीविषयी, थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. अमेरिकी नियमांत ‘पायलट इन कमांड’ या शब्दांना दोन ठिकाणी दोन अर्थ आहेत. व्याख्यांच्या भागात पायलट इन कमांड म्हणजे ज्याच्याकडे उड्डाणाचा अंतिम अधिकार आणि जबाबदारी आहे, ज्याला त्या उड्डाणासाठी तसे नेमलेले आहे, असा वैमानिक. तासांची नोंद कशी करावी हे सांगणाऱ्या कलमात मात्र, ज्या विमानाचे रेटिंग आपल्याकडे आहे त्याचे नियंत्रण ज्या काळात आपण एकट्याने हाताळले, तो काळही कमांड म्हणून नोंदवता येतो. आता एक सहवैमानिक डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे टाइप रेटिंग आहे, सहा तासांच्या उड्डाणात त्याने चार तास विमान हाताळले, आणि हॉटेलच्या खोलीत बसून त्याने लॉगबुकाच्या कमांडच्या रकान्यात ‘४.०’ लिहिले. नियमानुसार ती नोंद चूक नाही. परंतु त्या उड्डाणाच्या कागदांवर कॅप्टन म्हणून सही दुसऱ्याची होती, इंधन किती घ्यायचे हे शेवटी दुसऱ्याने ठरवले, आणि काही बिघडले असते तर उत्तर दुसऱ्यालाच द्यावे लागले असते. भरती करणाऱ्या कंपन्या अर्जात सहसा स्पष्टच लिहितात की कमांड म्हणजे ज्या उड्डाणाची जबाबदारी तुम्ही सही करून घेतली तेवढेच तास. असे शेकडो ‘४.०’ जोडून कोणी अर्जात हजार तास दाखवले, तर मुलाखतीत लॉगबुकाची पाने उलटताना ते उघडे पडते, आणि मग प्रश्न तासांचा न राहता प्रामाणिकपणाचा होतो. हजार तासांच्या दाव्याने घाबरलेले लोक नेमके हेच करतात. लॉगबुकात पहिल्या दिवसापासून दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत : एक नोंदीच्या कलमानुसार, दुसरा सहीच्या जबाबदारीनुसार. पुढे दहा वर्षांनी ते वेगळे काढत बसण्यापेक्षा हे फार सोपे आहे.

लष्करी वैमानिकांचा हिशेब आणखी वेगळा असतो, कारण लष्करी तास बहुधा उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचे, तर नागरी तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचे मोजतात. काही कंपन्या त्यासाठी प्रत्येक उड्डाणामागे ठरावीक वाढ देतात. प्रत्येक कंपनीची पद्धत तिच्या अर्जातच दिलेली असते, तेवढी पाळावी.

तिसरे विधान सल्ल्याच्या रूपात आहे : मिळेल ती डावी सीट घ्या. या सल्ल्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. फेडेक्स या मालवाहू कंपनीच्या मोठ्या विमानांतून आलेला माल लहान गावांपर्यंत पोचवणाऱ्या फीडर कंपन्या आहेत आणि त्या सेसना २०८ कॅरॅव्हॅन हे एका टर्बोप्रॉप इंजिनाचे विमान मोठ्या संख्येने वापरतात. लहान विमानांच्या व्यावसायिक सेवांना लागू असलेल्या ‘भाग १३५’ खाली उपकरणांच्या आधारे उडवायचे तर अशा विमानाच्या कॅप्टनला १२०० तासांचा अनुभव लागतो, म्हणजे एटीपीच्याही आधी ही सीट मिळू शकते. आणि तिथे जे शिकायला मिळते ते खरे असते. हिवाळ्यातली पहाट आहे, मोठे विमान उशिरा आले आहे, माल चढवणारे घाई करत आहेत, ढगांत बर्फ धरण्याची शक्यता हवामानाच्या अहवालात लिहिलेली आहे. या विमानाचे पंख खालून तिरक्या दांड्यांनी पेललेले असतात, चाके आत जात नाहीत, पोटाखाली मालाची पेटी असते, आणि या सर्वांवर बर्फ साचतो. कॅरॅव्हॅनचा बर्फातील इतिहास चांगला नाही, हे ते उडवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. विचारायला शेजारी कोणी नाही. निघायचे की थांबायचे, वाटेत परत फिरायचे की खाली उतरायचे, हे त्या एकट्याने ठरवायचे आणि वजन व तोलाच्या कागदावर स्वतःची सही करायची. ज्याने अशा दोन हिवाळ्यांत योग्य वेळी ‘आज नाही’ म्हटले आहे, त्याच्याकडे कमांडचा अनुभव आहे यात शंका नाही.

तरीही ‘मिळेल ती’ हे शब्द घातक आहेत. काही कंपन्या टर्बाइन म्हणताना अनेक इंजिनांचे विमान अपेक्षित धरतात. तिथे कॅरॅव्हॅनचे तास उपयोगी पडत नाहीत. या विमानाला टाइप रेटिंगही लागत नाही. दोन वैमानिकांच्या कॉकपिटमध्ये काम वाटून घेण्याची, एकमेकांना तपासण्याची आणि वरिष्ठाला वेळेत टोकण्याची सवय एकट्याने उडवून लागत नाही, आणि मोठ्या कंपनीतील प्रशिक्षण बहुतांशी त्याच सवयीवर उभे असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेवाज्येष्ठता. अमेरिकी विमान कंपन्यांत विमान, मुक्कामाचा तळ, सुट्ट्या आणि कॅप्टनपद हे सारे ज्येष्ठतेच्या क्रमांकावर ठरते, आणि भाग १२१ खाली वयाच्या ६५ व्या वर्षी थांबावेच लागते. चांगल्या जेट कंपनीची उजवी सीट सोडून जो लहान विमानाच्या डाव्या सीटवर जातो, तो आपला क्रमांक सोडून जातो. अर्जातील एका रकान्यासाठी एवढी किंमत मोजण्यापूर्वी, ज्या कंपनीत जायचे आहे तिला तो रकाना आज हवा आहे का, हे तरी पाहावे.

कारण ही अट स्थिर नसते. मोठ्या कार्गो कंपनीत नव्याने येणारा माणूस पूर्वी कितीही काळ कॅप्टन असला, तरी सहसा सहवैमानिक म्हणूनच रुजू होतो. मग कंपनी कमांडचे तास का विचारते? काही वर्षांनी ज्याला डाव्या सीटवर बसवायचे आहे तोच माणूस ती आज निवडत असते आणि ते ओळखण्याची एक सोपी खूण म्हणून हा आकडा वापरते. अर्जदार भरपूर असले की खूण कडक होते आणि टंचाई आली की सैल. २०२२ च्या जानेवारीत डेल्टा या प्रवासी कंपनीने चार वर्षांच्या पदवीची सक्ती काढून टाकली, ती अशाच टंचाईच्या काळात. पुढच्याच वर्षी कार्गोचे वारे उलट फिरले : माल कमी झाला, फेडेक्सने आपल्या वैमानिकांना एका प्रादेशिक प्रवासी कंपनीत जाण्याची संधी सुचवली, आणि यूपीएस या दुसऱ्या मालवाहू कंपनीने स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्या वैमानिकांना मोबदला देऊ केला. त्या काळात तीन हजार तास कमांड असलेल्यालाही दार उघडे नव्हते. म्हणून जाहिरातीत ‘आवश्यक’ काय आणि ‘प्राधान्य’ कशाला आहे, हे त्या महिन्याच्या जाहिरातीतच वाचावे. पाच वर्षांपूर्वीच्या मजकुरावरून ठरवू नये. शिवाय ‘कार्गो’ हा एकच दरवाजा नाही. स्वतःचे जाळे असलेल्या कंपन्या वेगळ्या आणि इतरांसाठी विमाने व वैमानिक पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्यांमध्ये कमांड नसलेले सहवैमानिकही घेतले गेले आहेत.

चौथे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते सुरक्षिततेविषयी आहे. सहवैमानिकांना एटीपी सक्तीचे झाले त्यामागे १२ फेब्रुवारी २००९ चा बफेलोजवळील कोल्गन एअर या प्रादेशिक प्रवासी कंपनीच्या उड्डाण ३४०७ चा अपघात होता; त्यात ५० माणसे गेली. त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० पेक्षा अधिक तास होते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे यूपीएसचे एअरबस ए३०० मालवाहू विमान अलाबामातील बर्मिंगहॅम येथे धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. कॅप्टन अनुभवी होते. तपास यंत्रणेला आढळले ते असे : उतरण्याची वाट स्थिर नसताना उतरणे चालू ठेवले गेले, उंचीवर लक्ष राहिले नाही, सहवैमानिकाकडून उंचीच्या ठरलेल्या घोषणा राहून गेल्या, आणि थकव्याचाही वाटा होता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम त्यानंतर काही महिन्यांनी, ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले आणि मालवाहू उड्डाणे त्यांतून वगळली गेली. रात्रभर जागून पहाटे उतरणाऱ्या माणसांनाच वगळणे मला आजही पटत नाही.

२३ फेब्रुवारी २०१९ चा अॅटलस एअर या मालवाहू कंपनीच्या उड्डाण ३५९१ चा अपघात तर भरतीच्याच प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. मायामीहून ह्यूस्टनकडे माल घेऊन निघालेले बोइंग ७६७ विमान टेक्सासमधील ट्रिनिटी बे येथे कोसळले आणि विमानातील तिघेही गेले. चुकून कार्यान्वित झालेल्या यंत्रणेला सहवैमानिकाने चुकीचा प्रतिसाद दिला आणि कॅप्टनने वेळेत हस्तक्षेप केला नाही, असा निष्कर्ष निघाला. सहवैमानिक आधीच्या नोकऱ्यांमध्ये प्रशिक्षणात वारंवार अनुत्तीर्ण झाला होता. एका ठिकाणी कॅप्टनपदाच्या बढतीतही तो अपयशी ठरला होता, आणि हे सारे नव्या कंपनीपर्यंत पूर्णपणे पोचले नव्हते. तासांच्या रकान्यात यातले काहीही दिसत नाही. वैमानिकांच्या नोंदींचा एकत्रित संग्रह करण्याचा आदेश २०१० च्या कायद्यातच होता. त्याचा अंतिम नियम २०२१ मध्ये आला. आता भरती करणाऱ्या कंपनीला अर्जदाराच्या चाचण्या, त्यांतील अपयश आणि पूर्वीच्या कंपन्यांनी नोंदवलेला प्रशिक्षणाचा इतिहास त्या संग्रहातून पाहावाच लागतो, मग अर्जात कमांडचे तास दोनशे असोत की चार हजार.