होमरने महाभारत चोरलं नाही, आणि वाल्मीकींनी होमर चोरला नव्हता

रामनवमी जवळ आली की एक मजकूर फोनवर फिरायला लागतो. यंदा मला तो तीन गटांतून आला, त्यातला एकदा आमच्या मामांकडून. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण गाभा असा: ग्रीक कवी होमरची 'इलियड' आणि 'ओडिसी' ही महाकाव्यं म्हणजे आपल्या रामायण-महाभारताची नक्कल. पुरावे? सिकंदराने इथून ग्रंथ नेले. 'इलियड' हे नावच 'इला'वरून पडलं. अकिलीसची टाच म्हणजे दुर्योधनाची मांडी. हेलनचं हरण म्हणजे सीताहरण. ओडिसियसचं धनुष्य म्हणजे शिवधनुष्य. झ्यूस म्हणजे द्यौस. आणि ग्रीक लेखकांनी स्वतःच हे कबूल करून ठेवलंय. खाली नेहमीचं 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

मामांना फोनवर उत्तर देता देता अर्धा तास गेला, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

सिकंदराचं आधी उरकतो, कारण त्यात दम नाही. सिकंदराने सिंधू ओलांडली ती इ.स.पू. ३२६ मध्ये. इटलीजवळच्या इस्किया बेटावर एका थडग्यात मातीचा एक पेला सापडला, तो इ.स.पू. आठव्या शतकातला. त्यावर तीन ओळी कोरल्या आहेत: मी नेस्टरचा पेला, प्यायला छान, जो यातून पिईल त्याला सुंदर मुकुटाच्या अफ्रोडायटीची, म्हणजे प्रेमदेवतेची, ओढ लागेल. नेस्टर हा 'इलियड'मधला, म्हणजे ट्रॉय नगरीच्या युद्धाच्या काव्यातला, म्हातारा राजा, आणि अकराव्या सर्गात त्याच्या भल्यामोठ्या पेल्याचं वर्णन आहे. शिवाय कोरलेल्यापैकी दोन ओळी होमरच्याच वृत्तात आहेत. म्हणजे सिकंदराच्या चारशे वर्षं आधी ट्रॉयच्या वीरांच्या गोष्टी इतक्या घरच्या झाल्या होत्या, की दारूच्या पेल्यावर कुणी त्यांची थट्टा करत होतं. खुद्द सिकंदर अ‍ॅरिस्टॉटलने तपासलेली 'इलियड'ची प्रत खंजिरासोबत उशाखाली ठेवायचा, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. 'इलियड' तो इथून घेऊन गेला नाही, घेऊन आला.

नावाचं प्रकरण जास्त मजेचं आहे. 'इलियड' म्हणजे इलिओस नगरीचं काव्य. इलिओस हे ट्रॉयचं दुसरं नाव. 'इला' आणि 'इलिओस' कानाला जवळचे वाटतात, कबूल. पण होमरच्या ओळी वृत्तात बसवून पाहिल्या की या नावापाशी पुन्हा पुन्हा एक अक्षर हरवल्यासारखं वाटतं. तिथे पूर्वी 'व्' होता, तो बोलण्यातून गळला. मूळ नाव 'विलिओस'. तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती राजांच्या कागदपत्रांत, म्हणजे मातीच्या पाट्यांवर, ट्रॉय होतं त्याच टोकाला 'विलुसा' नावाचं राज्य येतं. बहुतेक अभ्यासक विलुसा म्हणजेच ट्रॉय असं मानतात. इ.स.पू. तेराव्या शतकात विलुसाच्या ज्या राजाशी हित्तींनी तह केला त्याचं नाव अलक्सांडू. आणि 'इलियड'मध्ये हेलनला नेणाऱ्या पॅरिसला अनेकदा अलेक्झांड्रोस म्हणतात. हाच तो पॅरिस असं कुणी म्हणू नये, पण नाव त्या मातीतलं आहे एवढं नक्की. तीच गोष्ट वीरांची. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये जी जुनी ग्रीक लिपी उलगडली, तिच्यातल्या हिशेबाच्या पाट्यांवर ग्रीकांचा वीर अकिलीस आणि ट्रॉयचा वीर हेक्टर यांची नावं साध्यासुध्या माणसांची नावं म्हणून येतात. आपल्याकडे गावोगाव अर्जुन आणि भीमराव असतात तसे.

आता टाच. मजकूर लिहिणाऱ्याने 'इलियड' उघडलेली नाही हे इथे कळतं, कारण 'इलियड'मध्ये टाच नाहीच. लाकडी घोडाही नाही. काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं, तेव्हा अकिलीस जिवंत आहे आणि ट्रॉय उभं आहे. अकिलीसला आईने स्टिक्स नदीत बुडवलं, टाच तेवढी कोरडी राहिली, ही कथा आपल्याला प्रथम भेटते ती स्टेशियस या रोमन कवीकडे, तीही लॅटिनमध्ये, इ.स.च्या पहिल्या शतकात. होमरनंतर सातआठशे वर्षांनी.

उलट होमरचा अकिलीस जखमी होतो. एकविसाव्या सर्गात नदीकाठी अ‍ॅस्टरोपायस नावाचा योद्धा त्याच्यासमोर उभा राहतो. हा दोन्ही हातांनी भाला चालवणारा, चक्क सव्यसाची. दोन भाले तो एकदम फेकतो. एक ढालीवर अडतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या हाताला कोपराजवळ चाटून जातो आणि काळसर रक्त उसळतं. टाच सोडून बाकी अंग अभेद्य असतं तर हे घडलंच नसतं. आणि मग अठराव्या सर्गाचा मोठा भाग त्याच्यासाठी नवं चिलखत आणि ढाल घडवण्यात कशाला घालवायचा?

दुर्योधनाच्या बाजूनेही गाठ सैल आहे. गांधारीने डोळ्यांची पट्टी काढून मुलाकडे पाहिलं, तो लाजेने मांड्या झाकून आला होता म्हणून तेवढाच भाग कच्चा राहिला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखितं धुंडाळून, १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पाठात ती नाही. मांडी फुटते ती भीमाच्या प्रतिज्ञेमुळे. भर सभेत द्रौपदीला मांडी दाखवली, त्याचं ते उत्तर. हां, वनपर्वात दानव दुर्योधनाला सांगतात की तुझं वरचं अंग वज्राचं आहे आणि खालचं फुलांचं. तेव्हा 'अर्धं शरीर अभेद्य' ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पण होमरकडे जे नाहीच, ते त्याने चोरलं कसं?

हेलन आणि सीता. इथे मजकुराला सगळ्यात जास्त टाळ्या मिळतात, म्हणून इथे जरा थांबतो. राजाची बायको परका माणूस नेतो, समुद्रापलीकडच्या नगरीवर स्वारी होते, नगरी पडते. एवढ्या अंतरावरून पाहिलं तर दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात. जवळ जाऊन पाहा. 'इलियड'च्या तिसऱ्या सर्गात हेलन पहिल्यांदा दिसते ती मागावर बसलेली. जांभळ्या रंगाचं मोठं वस्त्र विणतेय आणि त्यात तिच्यापायी चाललेल्या लढायांचीच चित्रं भरतेय. मग ती तटावर येते. म्हातारा प्रायम, म्हणजे पॅरिसचा बाप, तिला शेजारी बसवून म्हणतो, बाळ, दोष तुझा नाही, देवांचा आहे. ती म्हणते, तुमच्या मुलामागून मी नवरा, मुलगी, मैत्रिणी टाकून आले, त्याआधी मला मरण आलं असतं तर बरं झालं असतं. स्वतःला ती कुत्र्याच्या तोंडाची म्हणते. अशोकवनातली सीता रावणाशी बोलताना मध्ये गवताची काडी धरते. ती काडी आणि हे 'मागून आले' यांत किती अंतर आहे ते सांगायला हवं का? युद्ध संपल्यावर तर आणखी. 'ओडिसी'च्या चौथ्या सर्गात हेलन स्पार्टाला आपल्या नवऱ्याच्या, मेनेलाउसच्या, घरात यजमानीण म्हणून वावरते, पाहुण्यांच्या दारूत दुःख विसरायला लावणारं इजिप्शियन औषध मिसळते आणि जुन्या आठवणी सांगते. अग्निपरीक्षा नाही, परित्याग नाही. ज्या प्रसंगांनी आपल्याकडे शतकानुशतकं वाद पेटवले, त्यांचा तिथे मागमूस नाही.

मजकूरवाल्यांच्या पद्धतीतला एक धोकाही सांगून ठेवतो. युरिपिडीस या ग्रीक नाटककाराच्या इ.स.पू. ४१२ मधल्या नाटकात पॅरिसने नेलेली हेलन खरी नव्हतीच, ती देवांनी घडवलेली छाया होती; खरी इजिप्तमध्ये सुरक्षित होती. आपल्याकडे छायासीता येते ती अध्यात्मरामायणासारख्या फार नंतरच्या ग्रंथांत. 'साम्य दिसलं की नंतरच्याने चोरलं' हा नियम लावला तर इथे चोर कोण ठरेल?

धनुष्यापाशी मात्र मी सरळ मान्य करतो की साम्य लक्षात घेण्यासारखं आहे. ट्रॉयच्या युद्धाला गेलेला ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी परततो. बायकोशी लग्न करायला टपलेले तरुण धनुष्याला चरबी चोळतात, विस्तवावर शेकतात, तरी ते वाकत नाही. हा मात्र बसल्या बसल्या, एखादा गवई आपल्या वाद्याला नवी तार लावतो तितक्या सहज प्रत्यंचा चढवतो, बोटाने छेडतो, आणि ती पाकोळीसारखी गाते. मग बारा कुऱ्हाडींतून बाण जातो. द्रौपदी स्वयंवरात ब्राह्मणवेशातला अर्जुन आठवतोच. (शिवधनुष्य तेवढं जुळत नाही. ते मोडतं, इथे मोडण्याचा प्रश्नच नाही.) पण हीच घडण मध्य आशियातल्या अल्पामिश या वीरगाथेतही आहे: अनेक वर्षं बेपत्ता असलेला नवरा, बायकोच्या लग्नाचा दिवस, बदललेला वेश, आणि त्याचं त्यालाच पेलणारं धनुष्य. आता अल्पामिशही नक्कल म्हणायची का? शाहीर आणि गोंधळी ज्यांनी ऐकलेत त्यांना ठाऊक आहे की असे प्रसंग कथेकथेतून फिरत राहतात आणि प्रत्येक गाणारा ते आपल्या गोष्टीत बसवतो.

झ्यूस आणि द्यौस हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि नेमका त्यानेच नकलेचा दावा पडतो. झ्यूस पॅटर, लॅटिन ज्युपिटर, वेदातला द्यौष्पिता हे एकाच शब्दाचे वंशज. पण नक्कल करणारा देव उचलेल तो आजचा, गाजणारा. ऋग्वेदातच द्यौस मागे पडलाय, वज्र इंद्राच्या हाती आहे. ग्रीकांकडे विजा फेकतो तो झ्यूस. म्हणजे दोघांकडे जुनं घराणं एक, संसार वेगळे. भावंडांचं नाक सारखं असलं म्हणून एकाने दुसऱ्याचं चोरलं असं आपण म्हणत नाही. याहून सुंदर उदाहरण आडालबर्ट कून या जर्मन पंडिताने १८५३ मध्ये दाखवलं. 'इलियड'च्या नवव्या सर्गात अकिलीस म्हणतो, इथे राहून लढलो तर घरी परतणं नाही, पण 'क्लेओस अफ्थितोन' मिळेल. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या नवव्या सूक्तात इंद्राकडे मागणं आहे ते 'श्रवः... अक्षितम्'चं. क्लेओस आणि श्रवस् एक, अफ्थितोन आणि अक्षित एक: न झिजणारी कीर्ती. आपल्या 'अक्षय'मधला 'क्षि' तोच. मला विचाराल तर अभिमान वाटावा तो या जोडीचा, चोरीच्या तक्रारीचा कशाला?

उसनवारी खरंच असते तेव्हा ती कशी दिसते तेही पाहू. मित्र पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी अकिलीस बछडे हरवलेल्या सिंहासारखा कण्हतो. त्याच्या कितीतरी आधीच्या मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश काव्यात मित्राच्या प्रेतापाशी गिल्गमेश बछडे हरवलेल्या सिंहिणीसारखा येरझारा घालतो. इथे अभ्यासक प्रभावाची भाषा करतात. कारण मध्ये व्यापार आहे, जहाजं आहेत, आणि ग्रीकांनी आपली लिपीच त्या बाजूच्या फिनिशियनांकडून घेतली आहे. वाट दाखवता येते.

राहिला ग्रीक लेखकांचा कबुलीजबाब. हा बहुतेक डिओ क्रिसोस्टम, इ.स.च्या पहिल्या शतकातला वक्ता. तो लिहितो की भारतीय लोकांनाही प्रायमची दुःखं, हेक्टरची बायको अँड्रोमकी आणि आई हेक्युबा यांचे विलाप, अकिलीस-हेक्टरचं शौर्य ठाऊक आहे. पण पुढचं-मागचं वाचा. तो म्हणतो की भारतीयांनी होमरचं आपल्या भाषेत भाषांतर केलंय आणि ते तो गातात! बहुधा कुणाकडून महाभारताविषयी उडतउडत ऐकून त्याने आपली नावं त्याला चिकटवली. ग्रीकांची ती खोडच होती, मथुरेच्या कृष्णालाही त्यांनी हेराक्लीस ठरवून टाकलं. ते काही असो, ही कबुली असेल तर ती मजकुराच्या बरोबर उलटी आहे.

आणि ती तशी वापरलीही गेली. बर्लिनचे संस्कृतचे प्राध्यापक आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० मध्ये मांडलं की सीताहरण आणि लंकेचा वेढा वाल्मीकींनी हेलन आणि ट्रॉयवरून घेतला असावा. त्यांना उत्तर दिलं मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी, १८७३ मध्ये, इंग्रजी पुस्तिकेतून. शीर्षकातच प्रश्न होता: रामायण होमरवरून उतरवलं का? पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले तेलंग तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते, आणि जर्मनीतल्या सर्वांत दबदब्याच्या संस्कृत पंडिताला त्यांनी सांगितलं की दोन कथांत बायको पळवली जाते एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मामांनी पाठवलेला मजकूर वेबरचाच आहे, फक्त बाण उलटा फिरवलेला.

मामांना हे सगळं पटलं असं नाही. पण रात्री त्यांचा निरोप आला: "तो दोन हातांनी भाले फेकणारा, त्याचं पुढे काय झालं?"

अकिलीसने तलवारीने पोट फाडलं आणि त्याला नदीत तसंच टाकून दिलं. मग मासे आणि बाम जमले, आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी कुरतडू लागले.