डासांना गुडघ्याची उंची कोणी नेमून दिली?

सध्या घरोघरी फिरणारा तो संदेश तुमच्याकडेही आलाच असेल. “केमिकलला करा रामराम! नामवंत डॉक्टरांनी सांगितलेले डासांवरचे शंभर टक्के नैसर्गिक उपाय, प्रत्येक आईने वाचावेत.” खाली यादी. रिफिलच्या रिकाम्या बाटलीत कडुलिंबाचं तेल आणि कापूर भरून मशीन रात्रभर लावा. डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, म्हणून गुडघ्यापासून पावलांपर्यंत खोबरेल तेल लावा, ते अँटिबायोटिक आहे. निलगिरीचं तेल लिंबाच्या रसात कालवून मुलांच्या हातापायांना चोळा. कॉइलचा धूर घातक, ती लावू नका. अर्ध्या लिंबात लवंगा खोचून उशाशी ठेवा, लसूण खा, खिडकीत तुळस आणि गवती चहाची कुंडी ठेवा, संध्याकाळी कंड्यावर, म्हणजे पेटत्या गोवरीवर, कडुलिंबाचा पाला टाकून घरभर धुनी फिरवा. आणि शेवटी ठळक अक्षरांत: बाजारातल्या क्रीममध्ये विष असतं, मुलांना लावू नका.

डॉक्टर कुठले, कशाचे, काही पत्ता नाही.

असले संदेश मी एरवी पुसून टाकते. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात माझं औषधांचं दुकान असल्यामुळे गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं आणि “हे खरंय का हो?” विचारतं, तेव्हा दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढच्या चिठ्ठीकडे वळते. पण या वेळी ताईनं तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि तिच्या सुनेनं अमलातही आणला, तेही चार महिन्यांचं बाळ निजतं त्या खोलीत. म्हणून आता सविस्तर.

आधी गुडघा, कारण त्याच्याइतकं विनोदी दुसरं काही नाही. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती. गच्चीवरच्या उघड्या टाकीत त्याच्या अळ्या सापडतात, हे घरोघर तपासणीला येणारा कुणीही सांगेल. तीन मजल्यांच्या घराच्या गच्चीवर मादीनं अंडी घातली ती काय जिना चढून? उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवरही हा डास सुखानं नांदतो. अर्धं सत्य एवढंच, की त्याला घोटे आणि पोटऱ्या आवडतात, टेबलाखाली, पलंगाखाली अंधारात दबा धरून बसायची त्याला सवय आहे. पण आवड वेगळी आणि मर्यादा वेगळी. मान उघडी मिळाली तर तो मानेला चावतो, कोपर मिळालं तर कोपराला. आणि समजा गुडघ्याचा नियम खरा धरला, तर रांगणारं मूल सबंधच्या सबंध मोठ्या माणसाच्या गुडघ्याखाली येतं. त्याचं काय करायचं, हे नामवंतांनी लिहिलेलं नाही.

खोबरेल तेल अँटिबायोटिक आहे म्हणून डेंग्यू होत नाही, हे तर त्याहून वरचं. डेंग्यू विषाणूनं होतो. अँटिबायोटिकं जिवाणूंवर चालतात. तेल सोडा, खरी अँटिबायोटिकची गोळी खाल्लीत तरी डेंग्यूला त्याचं सोयरसुतक नाही.

आता कापूर. इथे मला हसू येत नाही.

मी ताईकडे गेले तेव्हा मशीन लावलेलंच होतं. बाटलीच्या तोंडाशी तपकिरी, चिकट राप जमला होता, वातीचं टोक काळंठिक्कर, आणि दारं-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कापराचा असा दर्प की डोळे चुरचुरावेत. बाळ शिंकत होतं. मी म्हटलं, “हे आधी काढ.” तर सून म्हणाली, “पण मावशी, कापूर तर आपण देवापुढे रोज लावतो.”

लावतो ना. आरती पाच मिनिटांत आटोपते, दार उघडं असतं, वास विरून जातो. बंद खोलीत, तान्ह्या बाळाच्या उशाशी, रात्रभर कापूर तापवत ठेवायचा हे कुठल्या देवाचं व्रत आहे?

कापूर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतो. पोटात गेला तर थोड्याच वेळात फिट येऊ शकते, आणि त्याला फार लागत नाही. लहान मुलांच्या बाबतीत ग्रॅमभर कापूरही जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. तो कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जातो. अमेरिकेत ‘कॅम्फोरेटेड ऑइल’ नावाची बाटली औषधांच्या दुकानात सर्रास मिळायची, सरकीच्या तेलात २० टक्के कापूर. एरंडेल समजून ती मुलांना पाजली गेली, फिट आल्या, मुलं दगावली. शेवटी तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, १९८२ मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या इतर औषधांत कापूर ११ टक्क्यांच्या वर चालणार नाही, असं बंधन घातलं. आता संदेशातली कृती पुन्हा वाचा. तेल घ्या, त्यात कापराच्या वड्या कुस्करून विरघळवा. म्हणजे जी बाटली तिथे बंद झाली, तीच आपण घरी तयार करायची, तीही किती वड्या, किती तेल, काही माप नाही. आणि मग ती लावायची भिंतीच्या खालच्या प्लगमध्ये, जिथे सहा महिन्यांनी बाळाचा हात पहिल्यांदा पोचणार.

सर्दीला छातीवर चोळायच्या बामच्या डबीवर बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं तेही एकदा बघा. दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये. त्यातलं एक कारण कापूरच.

मशीनबद्दलही सांगते. ते त्याच्या स्वतःच्या पातळ द्रवासाठी बनवलेलं असतं. कडुलिंबाचं तेल जाड, ते वातीतून नीट चढत नाही, वरच्या तापलेल्या कड्याशी करपतं. आणि कापूर तर पेट घेण्यासाठीच प्रसिद्ध. त्याच्या वाफेला पेटायला सत्तर अंशही लागत नाहीत, एक ठिणगी पुरते. आमच्याकडे वीज जाते-येते, प्लग सैल, त्यात तडतड. पुढचं मी सांगायला नको.

राहता राहिलं “नैसर्गिक”. इथल्या बाड्यावर, म्हणजे महाराज बाड्याच्या बाजारात, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी स्वस्त कापराची वडी बहुतेक वेळा टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार झालेली असते. केमिकलला रामराम करायला निघालेल्यांनी एवढं तरी विचारून घ्यायचं.

कडुलिंबाबद्दल मात्र थोडं कबूल करावं लागेल, जिवावर येतं तरी. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात २ टक्के कडुलिंबाचं तेल मिसळून माणसांच्या अंगाला लावून पाहिलं होतं आणि १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. मलेरियाच्या ॲनोफिलिस डासांपासून रात्रभर चांगलं संरक्षण मिळालं, असं त्यांना आढळलं. म्हणजे कडुलिंब अगदीच भाकड नाही. पण हे अंगाला लावायचं तेल होतं, मोजून केलेलं, मशीनमध्ये जाळलेलं नव्हे. आणि ते रात्री चावणाऱ्या मलेरियाच्या डासावर. पावसाळा सरता सरता आमच्याकडे ज्याची धास्ती असते तो एडिस दिवसा चावतो, सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि दिवेलागणीच्या आधी. रात्रभर खोलीत काहीही जाळलंत तरी सकाळी व्हरांड्यात न्हाऊ घालताना बाळाला चावणाऱ्या डासाला त्याचं काय?

लिंबू आणि निलगिरी. हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. परदेशात एका झाडाच्या तेलापासून बनवलेलं डासरोधक खरोखर मान्यताप्राप्त आहे. त्या झाडाच्या पानांना लिंबासारखा वास येतो म्हणून त्याला लेमन युकॅलिप्टस म्हणतात. त्यातला कामाचा घटक पीएमडी, आणि अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था तेही तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका म्हणते. आपल्या कपाटातलं, वाफारा घ्यायचं निलगिरीचं तेल निराळ्या जातीच्या झाडाचं असतं, त्यात पीएमडी जवळपास नसतोच. त्यात लिंबू पिळल्यानं ते एकदम दुसरं झाड होत नाही. उलट लिंबाचा रस अंगावर ठेवून मूल उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, मग काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या हातापायांना हे चोळा म्हणणारा माणूस ग्वाल्हेरच्या उन्हात कधी उभा राहिलेला नसणार.

लवंगा खोचलेलं लिंबू दिसायला छान दिसतं. लसूण खाऊन डास जात नाहीत, पाहुणे जातात. तुळस नि गवती चहा कुंडीत नुसते उभे असले तर त्यांचं तेल पानांतच राहतं; लावा हौसेनं, चहात घाला.

या सगळ्याला एकच मोजमाप लावायचं असेल तर ते २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं आहे. मार्क फ्रॅडिन आणि जोनाथन डे यांनी १५ स्वयंसेवकांना वेगवेगळी डासरोधकं लावून डासांच्या पिंजऱ्यात हात घालायला लावले आणि पहिला चावा किती वेळानं बसतो ते घड्याळ लावून पाहिलं. डास एडिस इजिप्तीच, म्हणजे आपल्याच कामाचे. २३.८ टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं एक रसायन) असलेल्या औषधानं सरासरी ३०१.५ मिनिटं तग धरला, म्हणजे पाच तास. सोयाबीन तेलाच्या एका औषधानं ९४.६ मिनिटं; वनस्पतींच्या गटातलं तेवढंच एक काय ते बरं. सिट्रोनेलासकट (हे गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल) बाकीची वनस्पतिजन्य औषधं २० मिनिटांच्या आत गळाली. मनगटात घालायच्या पट्ट्यांनी काहीच केलं नाही. ही बाजारात विकली जाणारी, मापात बनवलेली औषधं होती, घरात वाटीत कालवलेली नव्हे. वीस मिनिटं म्हणजे शाळेची प्रार्थना आणि हजेरी. पहिला तास सुरू होईपर्यंत मूल उघडं.

राहिलं “क्रीममध्ये विष”. हे वाक्य ग्वाल्हेरच्या माणसानं पुढे पाठवावं याचं मला विशेष नवल वाटतं. झाशी रोडवरून जाताना डीआरडीईची भिंत आपण रोज पाहतो. जिवाजीराव शिंदे महाराजांच्या नावाच्या औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतून उभी राहिलेली आणि १९७३ पासून या नावानं चालणारी ही संरक्षण खात्याची संस्था. डीटसाठी लागणारा कच्चा माल देशात मिळत नव्हता, म्हणून त्याच्या तोडीचं डेपा नावाचं डासरोधक याच संस्थेनं, याच शहरात तयार केलं, जंगलात आणि सीमेवर राहणाऱ्या जवानांसाठी. सैनिकाच्या अंगाला लावायला जे आपल्याच गावात बनलं, त्या जातीच्या औषधाला सरसकट विष म्हणायचं, आणि उकळत्या कापराला अमृत.

काळजी घेऊ नका असं मी म्हणत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट लावायचं नाही, मोठ्या मुलांना लावताना हाताचे तळवे, डोळे आणि तोंड सोडायचं, संध्याकाळी धुऊन टाकायचं. ट्यूबवर घटक आणि टक्के वाचायचे. अगरबत्ती असो की रिफिल, डास मारणाऱ्या वस्तूवर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे नोंदणी क्रमांक हवा. ‘हर्बल’ लिहिलंय आणि क्रमांक नाही, तर ती वस्तू दुकानातच राहू द्या.

आणि हो, कॉइलबद्दल संदेश चुकून खरं बोलतो. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बंद खोलीत कॉइल लावूच नये. पण मग त्याच संदेशात दोन ओळी खाली कंड्याची धुनी कशी? धुरानं डास थोडा वेळ दूर राहतात, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. त्यांची घरं उघडी होती, वर कौलं होती, धूर निघून जायचा. फ्लॅटमध्ये तो धूर बाळाच्या छातीतच मुक्कामाला राहतो.

ताईच्या घरी बाळासाठी मच्छरदाणी आणली. ती दिवसाच्या झोपेलाही लावायची, रात्रीच नव्हे. आणि मग मी मागच्या खिडकीतला कूलर उघडला. खसचे पॅड बाजूला केले तर खालच्या ट्रेमध्ये चार बोटं पाणी, उन्हाळ्यापासूनचं, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. टॉर्च टाकला की सगळ्या एकदम तळाला पळत होत्या. बाहेर पाण्याचे दोन ड्रम, कारण नळाला पाणी एक दिवसाआड, त्यातल्या एकाचं झाकण चिरलेलं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा कूलर, ड्रम, कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, सगळं रिकामं करायचं. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, ती काथ्यानं किंवा ब्रशनं खरवडून काढावी लागतात. दिवाळीनंतर कूलर गच्चीवर ठेवाल तेव्हाही असाच घासून, खडखडीत वाळवून, झाकून ठेवा. ती अंडी पाण्याशिवाय कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात ट्रेमध्ये पहिलं पाणी पडलं की फुटतात.