माहिती घेऊन म्हणजे किती दिवसांत?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांब लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एक क्लिप आली, चाळीस सेकंदांची. महासभेत एक नवीन नगरसेविका प्रश्न विचारतेय, हातात वहीचा फाडलेला कागद, तो थरथरतोय, 'निवारागृह' म्हणताना अडखळते, परत म्हणते, परत अडखळते, मागून कोणीतरी फिस्सकन हसतं, मग अधिकारी उभे राहून म्हणतात 'माहिती घेऊन सांगतो', क्लिप संपली. खाली लिहिलेलं, 'ह्यांना निवडून दिलंय आपण' आणि हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या तोंडांची रांग. एकाने विचारलं शिक्षण किती, दुसऱ्याने सांगितलं सीट राखीव होती हो, चालायचंच. हीच मंडळी गणपतीत माझ्या शेजारी बसून अथर्वशीर्ष म्हणतात. उच्चार तिथेही धन्यच असतात, कोणी क्लिप काढून फिरवत नाही.

आता गंमत अशी की मी ती सभा लाईव्ह बघितली होती. मुद्दाम नाही, गवार मोडत बसले होते आणि फोन डब्याला टेकवून ठेवलेला. पहिला अर्धा तास श्रद्धांजली. मग पार्किंगवरून भांडण, मग दोघं जण एकमेकांना 'तुमच्या काळात काय झालं' विचारत राहिले, मग ऐनवेळचे विषय, मंजूर मंजूर मंजूर. मी बंदच करणार होते. तेवढ्यात ही बाई उभी राहिली. तिने तीन गोष्टी विचारल्या. शहरात रात्री उघड्यावर किती माणसं झोपतात आणि ती शेवटची कधी मोजली. निवाऱ्यात खाटा किती आणि काल रात्री त्यातल्या किती भरलेल्या होत्या. आणि पावसाळ्याआधी जुन्या वाड्यांना २६४ च्या नोटिसा निघतात, त्या घरातली माणसं त्या रात्री कुठे झोपतात.

त्या रात्री. हे दोन शब्द तिने बरोबर उच्चारले, क्लिपमध्ये ते नाहीत. आणि 'माहिती घेऊन सांगतो' झाल्यावर ती खाली बसली नाही, तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "माहिती घेऊन म्हणजे किती दिवसांत?" सभागृह दोन सेकंद गप्प. मग पीठासनावरून सांगावं लागलं, पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या. हेही क्लिपमध्ये नाही. कापणाऱ्याने बरोबर तिथे कापलंय.

ज्यांना २६४ माहीत नाही त्यांचं नशीब चांगलं. महापालिका कायद्यातलं धोकादायक इमारतीचं कलम आहे ते. जुन्या गावात राहणाऱ्यांना ते पोस्टाच्या पिनकोडसारखं पाठ असतं, मे महिना आला की दारावर चिकटतं. घर धोकादायक आहे, रिकामं करा, अन्यथा होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल. झालं, पालिका मोकळी.

मी १९९४ च्या जुलैत पाचवीत होते. आमचा वाडा, सात बिऱ्हाडं, बावीस रुपये भाडं. तीन दिवस पाऊस लागलेला आणि रात्री नऊच्या सुमाराला मागची भिंत बसली. पडली नाही म्हणायचे आमच्याकडे, बसली. लाईट गेले होते म्हणून सगळे पुढच्या ओसरीवर कंदील घेऊन बसलेले, त्यामुळे कोणाला खरचटलंही नाही. पालिकेची माणसं आली, दोरी बांधली, आत जाऊ नका म्हणाली आणि गेली. आत जाऊ नका ठीक आहे, पण मग कुठे जा ते कोणी सांगेना. साडेअकराला आमचे नगरसेवक आले, भाऊ म्हणायचे त्यांना सगळे. लुंगीवर रेनकोट. त्यांनी कोपऱ्यावरच्या पालिकेच्या शाळेच्या शिपायाला उठवलं, तो म्हणाला किल्ली हेडमास्तरांकडे असते, भाऊ म्हणाले "कुलूप तोडतो, पावती माझ्या नावावर फाड." किल्ली निघाली मग त्याच्याच उशाखालून.

आम्हाला जो वर्ग मिळाला तो पाचवी ब. माझाच वर्ग. फळ्यावर कोपऱ्यात अजून लिहिलेलं होतं, पट ४६, हजर ४१. त्या गैरहजर पाचांत मी होते, पावसामुळे घरी राहिलेली. आणि रात्री हजर. आईने रेशनकार्ड दोन बाकांच्या फटीत उभं करून वाळत ठेवलं होतं, ते मला अजून दिसतं, कारण ते पडू नये म्हणून मी जागी होते.

तर ग्रुपवरच्या सुशिक्षितांनो, तुम्हाला ती बाई हास्यास्पद वाटते. मला नाही वाटत, आणि माझ्या ओळखीच्या कुठल्याही शहाण्या माणसाला वाटू नये असं मला वाटतं, पुरावा वगैरे मागू नका, मी काही वकील नाही.

चार वर्षं हे सभागृह रिकामं होतं. राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय, महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, त्याआधीचं मतदान २०१७ चं. काही शहरांची तर २०२० मध्येच संपलेली. मग कधी ओबीसी आरक्षण, कधी प्रभागरचना, कधी पुढची तारीख, शेवटी सुप्रीम कोर्टाने कान धरला तेव्हा कुठे १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं. तोवर प्रशासक. म्हणजे काय, तर प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच, आणि स्थायी समिती, महासभा सगळं एकाच टेबलावर. कोण विचारणार आणि कोणाला?

हो, रस्ते झाले त्या काळात, मान्य. माझा एक दाखलासुद्धा आठ दिवसांत घरबसल्या आला. सांगितलं, झालं.

पण आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींच्या वाड्याला २०२३ च्या मे महिन्यात नोटीस लागली, तेव्हा मी त्यांच्याबरोबर फिरलेय. कुठलं शहर, कुठलं ऑफिस ते जाऊ दे. पहिल्या खिडकीवर म्हणाले हे बांधकाम विभागाकडे, बांधकामवाले म्हणाले राहायची सोय आमचा विषय नाही, तिसऱ्याने चांगल्या शब्दांत सांगितलं की ताई पोर्टलवर टाका. टाकलं. सहाव्या दिवशी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. मावशी मला विचारतात, म्हणजे खोली मिळाली का? काय सांगू मी. त्या वेळी नगरसेवकच नव्हता, ज्याच्या दारात जाऊन आरडाओरडा करता आला असता. मावशी तीन महिने लेकीच्या सासरी राहिल्या, आणि लेकीच्या सासरी तीन महिने राहणं म्हणजे काय असतं हे इथल्या बायकांना मी सांगायला नको. बेघर म्हणून त्यांची कुठल्याही यादीत नोंद नाही, कारण डोक्यावर छप्पर होतं ना.

आणि यादीचं तरी काय. २०११ च्या जनगणनेत बेघर मोजले ते एका रात्रीत, २८ फेब्रुवारीला. देशात साडेसतरा लाखांच्या वर भरले. त्या रात्री जो पुलाखाली दिसला तो मोजला, जो पोलिसांनी हुसकला म्हणून पलीकडच्या गल्लीत होता तो राहिला असणार. त्यानंतर पंधरा वर्षं झाली. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय की मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा, वर्षभर, चोवीस तास उघडा. पुढे केंद्राच्या योजनेतही आलं, लाखामागे निदान शंभर माणसांची सोय. आता तुमच्या शहराची वस्ती घ्या, भागाकार करा, आणि सांगा तुमच्या शहरात किती निवारे तुम्हाला माहीत आहेत. मला माझ्या शहरातला एक माहीत होता, त्याचीही पाटी फ्लेक्सने झाकलेली. वाढदिवसाच्या फ्लेक्सने. कोणाच्या ते विचारू नका.

पुण्याच्या वाघोलीचं आठवतंय का? डिसेंबर २०२४. अमरावतीकडून बांधकामाच्या कामाला आलेली माणसं फुटपाथवर झोपली होती आणि मध्यरात्री डंपर अंगावरून गेला, तिघं गेले, त्यातली दोन लहान बाळं. आपण सगळ्यांनी त्या डंपरवाल्याला शिव्या घातल्या आणि तो दारू प्यायला होता म्हणून बरोबरच घातल्या. पण ती माणसं ज्या शहराची घरं बांधायला आली तिथे पहिल्या रात्री त्यांना फुटपाथ मिळाला, ह्याबद्दल कोणी कोणाला शिवी घातलेली मला आठवत नाही. मीसुद्धा नाही घातली. मी 'फार वाईट' एवढं लिहिलं आणि हात जोडल्याची खूण टाकली.

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. नगरसेवक म्हणजे टक्केवारी, नगरसेवक म्हणजे पेव्हर ब्लॉक, नगरसेवक म्हणजे बाकड्यावर आडनाव. असतं ना, मी कुठे नाही म्हणते. आमचे भाऊसुद्धा काही संत नव्हते. त्यांच्या मेव्हण्याकडे गटारांची कामं होती, आणि आमच्या वाड्याच्या जागेवर पुढे जी बिल्डिंग झाली त्यात भाऊंचे दोन फ्लॅट होते म्हणतात. असतील. वडील हे माहीत असूनही त्यांच्या मयताला गेले होते, आणि परत आल्यावर आंघोळ करून बराच वेळ काही बोलले नाहीत.

कारण भिंत बसल्यावर नवव्या दिवशी महासभा होती. वडील लग्नातला शर्ट घालून गॅलरीत जाऊन बसले. भाऊंनी विषय काढला, शाळेत सात कुटुंबं आहेत, पोरांची शाळा बुडते, प्रशासन काय करतंय. उत्तर आलं, माहिती घेऊन सांगतो. बत्तीस वर्षांपूर्वीसुद्धा हेच वाक्य होतं बघा, एवढी सरकारं बदलली पण हे वाक्य काही हललं नाही. तर भाऊ म्हणाले, घ्या माहिती, मी उभा आहे. आणि उभेच राहिले. दुसरे विषय पुकारले तरी उभे. वडील सांगायचे पाऊण तास, आई म्हणते वीस मिनिटं असतील, तुझे बाबा वाढवून सांगतात. काही असो, बाराव्या दिवशी आम्हाला पालिकेच्या रिकाम्या क्वार्टर्समध्ये खोल्या मिळाल्या, दोन बिऱ्हाडांत एक खोली, मध्ये साडी लावलेली. तिथे आम्ही तीन वर्षं काढली. वडिलांनी नंतर कधीतरी नगरसचिवांच्या ऑफिसातून त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल काढून आणली होती, विम्याच्या कागदांबरोबर ठेवलेली. आमचं नाव नाही त्यात. 'सात कुटुंबे' एवढंच आहे. ते बोट ठेवून दाखवायचे.

आता तर मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार चार नगरसेवक, अ ब क ड. चौघांना मत दिलं आपण. पाण्याचं विचारायला गेलं की 'अ'वाला 'क'कडे बोट दाखवतो, 'क'वाली म्हणते ते दादा बघतात, आणि दादा लग्नाला गेलेले. म्हणून तर मला तिचं जास्त वाटलं. चारातल्या एकीला हा विषय गळ्यात घ्यायची काही गरज नव्हती. उघड्यावर झोपणाऱ्यांचं मतदार यादीत नावसुद्धा नसतं बहुतेकांचं. फायदा काय तिला? वहीचा कागद फाडून, घरी बसून, स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं होतं तिने. थरथरणारच हात. भरल्या सभागृहात पहिल्यांदा उभं राहून बघा, 'निवारागृह' सोडा स्वतःचं नाव नीट येणार नाही तोंडातून.

मघाशी फार चिडून लिहायला बसले होते, आता जरा उतरलाय राग, म्हणून एक गोष्ट सांगते जी कोणाला सांगितली नाहीये. शाळा सकाळी सातची. आम्ही साडेपाचला उठून अंथरुणं मागच्या सामानाच्या खोलीत टाकायचो, आई शाळेच्या मागे स्टोव्हवर चहा करायची, आणि मी नळावर तोंड धुऊन गणवेश घालून, फाटकाबाहेर जाऊन, मुलींबरोबर परत आत यायचे. जणू घरूनच येतेय. चौथ्या दिवशी माझ्या शेजारणीला बाकाखाली एक मोजा सापडला, माझ्या भावाचा. तिने दोन बोटांत उचलून 'ई' केलं. मीही 'ई' केलं. सगळ्यांच्या बरोबरीने, जोरात. भाऊ आता पुण्यात असतो, मोठ्या कंपनीत आहे, त्यालाही हे माहीत नाही. आज वाचेल.

ग्रुपवरचं ते हसणं ऐकून मला तो 'ई'च आठवला. म्हणून लागलं मला एवढं, नाहीतर रोज काय कमी मूर्खपणा चालतो तिथे.

मी काय केलं, तर सभेच्या पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक ग्रुपवर टाकली, कितव्या मिनिटापासून बघायचं तेही लिहिलं. दोघांनी अंगठा दिला. एकाने लगेच खाली पाण्याच्या टँकरचा हिशेब टाकला. बाकी शांतता.

पंधरा दिवसांची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, दुधाच्या हिशेबाच्या वर. लेखी उत्तर आलं का ते मी विचारणार आहे, आणि तिला फोन करून सांगणारही आहे की मी गॅलरीत येऊन बसेन. नंबर मिळवलाय.

संध्याकाळी आईला सगळं दाखवलं, क्लिप नाही, पूर्ण. तिला आता कमी ऐकू येतं, फोन कानाला लावून बघत होती. शेवटपर्यंत बघितलं. मला वाटलं भाऊंची आठवण काढेल, वडिलांची काढेल. ती म्हणाली, "हिच्या वॉर्डात कुठली शाळा येते गं?"